किती डिग्रीला?

आमच्या सरांना कुणी "कसे आहात?" असं विचारलं की ते शर्टाच्या खिशातून काचेचा थर्मामीटर काढायचे, क्षणभर हवेत धरायचे, चष्मा कपाळावर सरकवून वाचायचे आणि मग सांगायचे, "छत्तीसला ठीक आहे. चाळीसला विचारशील तर उत्तर बदलून जाईल." विचारणारा बहुधा घाईत असायचा, त्याला एवढं सविस्तर नको असायचं. पण एकदा विचारलं की सुटका नव्हती. सर लगेच उलटा प्रश्न टाकायचे, "आणि तू कसा? किती डिग्रीला?"

कॉलेजात त्यांना पाठीमागं पारा सर म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि आवडायचंही. फक्त त्यांच्या थर्मामीटरमध्ये पारा नसून लाल रंग घातलेलं अल्कोहोल होतं, आणि ही चूक ते दर वर्षी पहिल्या तासाला सगळ्या वर्गाची दुरुस्त करून घ्यायचे.

तो थर्मामीटर कशातही जायचा. चहात, वरणात, लग्नातल्या पाणीपुरीच्या पाण्यात. टावर चौकातल्या गाडीवर पहिल्यांदा त्यांनी पोह्यांत थर्मामीटर खुपसला, तेव्हा गाडीवाल्याला वाटलं, खाद्य विभागाचा साहेब आला. त्यानं मुकाट्यानं वर मूठभर जास्तीची शेव घातली आणि पैसे घेतले नाहीत. सरांना वाटलं, हा विज्ञानाचा आदर. ते सद्गदित झाले आणि पुढं कायम त्याच गाडीवर जात राहिले.

मी त्यांच्याकडे पीएच.डी.ला होते. आम्ही मूळचे मिरजेकडचे. वडील रेल्वेत होते, बदली होऊन उज्जैनला आले आणि इथंच रमले. घरात आम्ही मिरजेची मराठी बोलायचो, बाहेर हिंदी, आणि दोन्हींच्या मधली भिंत पक्की होती. सरांकडे ती भिंत नव्हतीच. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकून होते, त्यामुळं त्यांच्या घरची मराठी कितीतरी पिढ्या क्षिप्रेचं पाणी पीत आली होती. "अगं, तू येऊन गेली ते मला मालूमच नाही पडलं," असं ते म्हणायचे आणि ते त्यांच्या तोंडी फार गोड वाटायचं. पहिल्याच दिवशी मला आशीर्वाद दिला, "चेष्टा करत राहा, यश मिळेलच." मी घरी येऊन आईला विचारलं, कुणाची करू? हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे वडिलांनी जेवताना सांगितलं तेव्हा उलगडा झाला.

आमचा विषय होता गरम रेणूंची ऊर्जा क्वांटम संगणकावर कशी काढायची. आता आमच्या कॉलेजात क्वांटम संगणक नव्हता हे सांगायला नको. आमच्या प्रयोगशाळेत पंखासुद्धा एकच धड होता. म्हणून आम्ही साध्या संगणकालाच क्वांटम संगणकाचं सोंग घ्यायला लावलं होतं. क्वांटम संगणक रेणूची नक्कल करणार आणि आमचा जुना डबा त्या क्वांटम संगणकाची नक्कल करणार. कॉलेजच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कना सगळे बड़े बाबू म्हणायचे. त्यांना सरांनी हे एकदा तासभर समजावून सांगितलं. बाबूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो सर, नकल की भी नकल? पकड़े नहीं जाते?"

सरांचं जगाशी भांडण एकाच गोष्टीवरून होतं. रेणूची ऊर्जा काढणारे बहुतेक लोक रेणू पार गोठलेला धरतात, म्हणजे याहून थंड काही असूच शकत नाही इतका. कारण तेव्हा त्यातले इलेक्ट्रॉन आपापल्या जागी गुपचूप बसलेले असतात आणि हिशेब सोपा होतो. सरांना याचा मनस्वी राग यायचा. "इतक्या थंडीत कोण राहतं ग? मे महिन्यात इथं या म्हणावं. मग बघू कोण जागेवर बसून राहतं." तापमान न सांगता सांगितलेली ऊर्जा ही अफवा असते, असं त्यांचं ठाम मत होतं. ते माणसांनाही लागू होतं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, भाचीसाठी एक स्थळ आणलं आणि मुलगा शांत स्वभावाचा आहे असं सांगितलं, तेव्हा सर म्हणाले, "कोणत्या महिन्यात पाहिला?" काकू म्हणाल्या, डिसेंबरात. सर म्हणाले, "मग काही मालूम नाही पडलं."

गरम रेणूची आमची युक्ती मोठी मजेशीर होती. गरम रेणूत नक्की काय चाललंय ते एका चित्रात मांडता येत नाही, सगळा गोंधळ असतो. म्हणून त्याला एक खोटा जुळा भाऊ द्यायचा आणि दोघांना एकमेकांत असं गुंतवायचं की जोडी मिळून चित्र अगदी स्वच्छ. पण जुळ्याकडं पाठ करून एकट्या रेणूकडं पाहिलं की तो गोंधळलेला दिसतो. त्या गोंधळाचंच नाव उष्णता. हे सर एका संध्याकाळी काकूंना सांगत होते. काकू भाजी निवडत म्हणाल्या, "म्हणजे एकट्याला विचारलं तर काही समजत नाही, दोघांना बसवलं तर बात साफ होते. यात काय नवीन? माझं लग्न झालं तेव्हापासून हेच करून राहिलेय." सरांनी ते वाक्य प्रबंधात घालायचा आग्रह धरला. मी ते तळटीपेत घातलं आणि नंतर हळूच काढून टाकलं.

दुसरी युक्ती काल्पनिक वेळेची. आमच्या गणितात घड्याळाची वेळ नसते, एक काल्पनिक वेळ असते. ती पुढं नेली की रेणू थंड होत जातो, मागं आणली की गरम. हे गणित एकदम पक्कं आहे, त्यात सरांचं काही नाही. सरांचं एवढंच की ते ती वेळ घरीही वापरायचे. सकाळी दहाला बोलावून बाराला उगवायचे आणि मी फुगून बसलेली दिसले की म्हणायचे, "काल्पनिक वेळ पुढं गेली. थंड झाली का तू?" आणि खरंच, इतका वेळ थांबल्यावर भांडायची ताकद राहिलेली नसायची.

भैरवगढ़ला कापडावर ठसे छापणारे एक रंगारी होते. त्यांना सरांनी कधी काळी शब्द दिला होता की लाल रंगाचा रेणू किती गरम पाण्यात सगळ्यात चांगला चढतो ते मी गणितानं काढून देतो. त्या रेणूत अणू इतके की आमच्या संगणकानं नुसतं नाव ऐकून मान टाकली असती. म्हणून आम्ही सुरुवात हायड्रोजनपासून केली, चार अणू एका ओळीत. सर दर दिवाळीला कुर्त्याचं कापड आणायला भैरवगढ़ला जायचे आणि प्रगती कळवायचे. मी एकदा सोबत होते. सर अभिमानानं म्हणाले, "हाइड्रोजन आधा हो गया." रंगाऱ्यांनी हात पुसत विचारलं, "उसका रंग कौन सा आता है, सर?" सर म्हणाले, "हाइड्रोजन का रंग नहीं होता." रंगारी स्टूल पुढं सरकवत म्हणाले, "चाय पिएँगे?"

सरांचे आधीचे विद्यार्थी टिकले नव्हते. एक बँकेच्या परीक्षेला गेला, एकानं देवास गेटजवळ नमकीनचं दुकान टाकलं आणि तो सरांपेक्षा जास्त कमावतो. माझ्याआधी त्यांच्या हाताखाली एकही प्रबंध पुरा झाला नव्हता. ते कधी बोलून दाखवायचे नाहीत, पण विभागातल्या कपाटात बाकीच्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध ओळीनं लावलेले होते आणि त्या कपाटासमोरून जाताना सर भिंतीकडं बघत जायचे.

आणि त्या वर्षी ते निवृत्त होणार होते. आमच्याकडं नियम असा की मार्गदर्शक नोकरीत असतानाच प्रबंधावर त्यांची सही झाली पाहिजे आणि तो ऑफिसात जमा झाला पाहिजे. नाही झाला तर विद्यार्थी दुसऱ्याच्या गळ्यात. दुसरे म्हणजे विभागात उरलेले एकच प्राध्यापक, आणि ते माळव्याच्या काळ्या मातीवर काम करायचे. मातीबद्दल माझं वाईट मत नाही. पण इतकी वर्षं हायड्रोजनची उस्तवार केल्यावर पुन्हा पहिल्यापासून माती चाळायची माझी तयारी नव्हती.

अशात उत्तरं आली. आमची पद्धत अशी की सुरुवातीला रेणू थंड ठेवायचा आणि मग हळूहळू तापवत न्यायचा. आम्ही तापवला आणि ऊर्जा कमी होत गेली. आणखी तापवला, आणखी कमी. मी म्हटलं, सर, काहीतरी चुकतंय. सरांनी संगणकावर थर्मामीटर टेकवला, संगणक बरा आहे याची खात्री केली आणि खुर्चीत बसले. "अगं," ते हलक्या आवाजात म्हणाले, "गरम केल्यावर थंड होणारा रेणू. हे कुणीच नाही पाहिलं, कारण गरम करून पाहायची तकलीफच कुणी घेतली नाही." मी महिनाभर चूक शोधली. सापडली नाही. मग मलाही वाटायला लागलं की आपण काहीतरी थोर केलंय. हे वाटणं फार सुखाचं असतं.

बातमी कॉलेजबाहेर कशी गेली कोण जाणे. गावातल्या एका पेपरात मथळा आला, "गर्म करो, ठंडा होगा: उज्जैन के प्रोफेसर का कमाल". दुसऱ्या दिवशी देवास गेटचे एक कूलरविक्रेते प्रयोगशाळेत आले. त्यांनी हायड्रोजन कुठं आहे ते विचारलं. सरांनी पडद्यावरचा आलेख दाखवला. त्यांनी तो लांबून, जवळून, वाकून पाहिला आणि म्हणाले, "सर, इसकी बॉडी फाइबर की डलेगी कि लोहे की?" सरांनी त्यांना जुळ्या भावाची युक्ती पहिल्यापासून समजावली. ते जाताना आपलं कार्ड ठेवून गेले.

प्राचार्य इतके खूश झाले की सरांच्या निवृत्तीच्या दिवशी नेहमीचा चहा-समोसा न ठेवता हॉलमध्ये मोठा सत्कार ठरवला. ठरलं असं की त्याच दिवशी, सत्काराआधी, सर माझ्या प्रबंधावर सही करतील.

आदल्या दिवशी दुपारी मी प्रबंधाची स्पायरल प्रत दाखवायला सरांच्या घरी गेले. काकू पाहुण्यांसाठी शेव तळत होत्या. घाणा निघाला तशी सर मला म्हणाले, "अगं, तो वरचा डबा खाली आहे, त्यात भरून ठेव."

मी खाली बघितलं. ओट्याखाली डबा नव्हता. वर बघितलं, फळीवर होता.

"सर, वरचा डबा वरच आहे."

"हो ना. खाली आहे."

"वर आहे की खाली आहे?"

"वर आहे आणि खाली आहे," सर म्हणाले. "काही नाही ग त्याच्यात."

मी हातात झारा घेऊन तशीच उभी राहिले. हिंदीत खाली म्हणजे रिकामा, हे काय मला ठाऊक नव्हतं? रिक्षावाल्याला मी रोज विचारत होते, खाली है क्या. पण सर मराठीत बोलत होते, आणि मराठी वाक्यातला शब्द मी मराठीच धरत आले होते. आमच्या मिरजेत खाली म्हणजे खाली.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही मला पहिल्या वर्षी सांगितलं होतं की खाली कक्षांत शून्य ठेव."

"मग? खाली कक्षेत इलेक्ट्रॉन शून्यच असणार."

"मी खालच्या कक्षांत शून्य ठेवलं."

रेणूत इलेक्ट्रॉनांच्या बसायच्या जागांना कक्षा म्हणतात. थंडीत सगळे इलेक्ट्रॉन खालच्या कक्षा धरून बसतात आणि वरच्या कक्षा रिकाम्या राहतात. मी खालच्या रिकाम्या करून बिचाऱ्या इलेक्ट्रॉनांना माळ्यावर चढवून ठेवलं होतं आणि त्यालाच थंड रेणू म्हणत होते. माळ्यावर चढवलेल्यांना हलवलं की ते खाली येणार आणि ऊर्जा कमी होणार, त्यात कसला आलाय चमत्कार? वर लाज आणणारी गोष्ट अशी की या शब्दावरून एक गोंधळ आधीच होऊन गेला होता. हिंदीत कक्षा म्हणजे वर्ग. आम्ही व्हरांड्यात खाली कक्षांबद्दल बोलत असताना प्राचार्यांनी ऐकलं आणि नोटीस लावली की कोणाचीही कक्षा खाली दिसल्यास प्राध्यापक जबाबदार राहतील. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. डोक्यात प्रकाश मात्र दोघांच्याही पडला नाही.

सर पांढरे पडले. काकूंनी गॅस बंद केला. मग सरांना हसू फुटलं आणि ते इतके हसले, इतके हसले, की चष्मा शेवेत पडला. मी मात्र रडायला लागले. पुन्हा सगळं चालवायचं तर संगणकाला दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंतचा वेळ लागणार होता, आणि ऑफिस पाचला बंद व्हायचं.

आम्ही तसेच कॉलेजात गेलो, चूक दुरुस्त करून संगणकावर गणित पुन्हा चालू केलं आणि बड़े बाबूंना गाठलं. त्यांनी सगळं ऐकलं. समंजस माणूस. "सर जी, जैसी है वैसी जमा कर दो. कौन पढ़ रिया है?" मी सरांकडं पाहिलं. त्यांनी तशी सही केली असती तर दुसऱ्या दिवशी त्यांचा सत्कार झाला असता, पेपरात फोटो आला असता आणि कपाटात माझा प्रबंध लागला असता.

"पढ़ेगा तो कोई नहीं," सर म्हणाले, "पर हाइड्रोजन को तो मालूम है."

बाबूंना हे मुळीच पटलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की पाचपर्यंत आलात तर घेईन, नाहीतर नियम म्हणजे नियम.

सत्काराच्या दिवशी दुपारी हॉलमध्ये जाताना सरांनी मला प्रयोगशाळेच्या दारात थांबवलं. "बाबू स्टेजवर बसणार आहेत, कर्मचारी संघाचे सचिव म्हणून. मी बोलत राहीन तोवर त्यांना उठता नाही येणार. ते उठले नाहीत तर ऑफिसला कुलूप कोण लावणार? तू आकडे येऊ दे." आयुष्यात ज्यानं स्टेजवर आभारसुद्धा दोन वाक्यांत उरकले, तो माणूस खांद्यावर शाल घेऊन भाषणाला गेला.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. सरांनी उठल्या उठल्या जाहीर केलं की पेपरात छापलं ते साफ चूक आहे, असा रेणू नाही, एका शब्दाचा घोटाळा झाला. लोकांना तो विनय वाटला. प्राचार्य शेजाऱ्याला म्हणाले, "कितने सरल हैं." सर जितकं जोर लावून चूक म्हणत, तितकं लोक कौतुकानं माना हलवत. मग सरांनी थर्मामीटरचा इतिहास घेतला. त्यानंतर पूर्वजांचा दरबार, दरबारातला उन्हाळा, उन्हाळ्यातली वरणाची चव. मग कचोरी. कचोरी किती डिग्रीला तळावी, किती डिग्रीला खावी आणि मधल्या डिग्र्यांमध्ये तिच्याशी कसं वागावं. बाहेर खऱ्या कचोऱ्यांचे पुडे लावून ठेवले होते आणि त्यांचा वास हॉलमध्ये येत होता. प्राचार्यांनी चिठ्ठी पाठवली, "कृपया संक्षेप में." सरांनी ती माइकवर मोठ्यानं वाचली, प्राचार्यांचे आभार मानले आणि संक्षेप या विषयावर बोलायला लागले. बड़े बाबू हार गळ्यात घालून घड्याळाकडं बघत बसले होते. दोनदा अर्धे उठले. दोन्ही वेळा सरांनी माइकवरून त्यांच्या निष्ठेचं कौतुक केलं आणि त्यांना पुन्हा बसावं लागलं.

तिकडं संगणकानं शेवटचा आकडा दिला. मी आलेख छापला, स्पायरल उलगडून ते प्रकरण बदललं आणि धावत सुटले. हॉलच्या दारात पोचले तेव्हा सर क्षिप्रेच्या पाण्याचं तापमान घाटाघाटांप्रमाणे सांगत होते. आवाज बसला होता. मला बघताच ते अर्ध्या वाक्यात थांबले आणि सगळ्या हॉलसमोर माइकवरून मराठीत विचारलं, "काय झालं ग? गरम केल्यावर?"

मला धाप लागली होती. "गरम झाला, सर," मी म्हटलं.

सरांनी डोळे मिटले. मग उघडले आणि फुटक्या आवाजात म्हणाले, "मित्रो, हाइड्रोजन को गरम करो, तो वह गरम होता है. यह हमने आज दिखा दिया. धन्यवाद."

धन्यवाद हा शब्द ऐकला आणि सगळा हॉल उभा राहिला. अशा टाळ्या मी त्या कॉलेजात कधीच ऐकल्या नव्हत्या. मागच्या बाकांवर शिट्ट्या झाल्या, प्राचार्यांनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या, कुणीतरी कचोरीच्या टेबलाकडं धावलंसुद्धा. सरांनी स्टेजवरच सही केली. शाल सारखी कागदावर घसरत होती आणि काकू ती धरून उभ्या होत्या. बड़े बाबूंनी घड्याळ पाहिलं, सुस्कारा सोडला आणि प्रबंध काखेत मारला. "इत्ती सी बात थी," ते मला म्हणाले, "मेरे को पूछ लेतीं, गरम करो तो गरम ही होता है."

मला पीएच.डी. मिळाली. माझा प्रबंध त्या कपाटात आहे, सरांच्या नावाचा एकुलता एक. सर आता मुलीकडं असतात, दुसऱ्या गावी. मला त्यांची फार आठवण येते, म्हणून मी अधूनमधून फोन करते. ते आधी तिथलं तापमान सांगतात, मग प्रकृती. आणि हमखास त्या दिवसावर येतात. "काही म्हण ग," ते म्हणतात, "उज्जैनच्या लोकांना विज्ञानाची कदर आहे. हायड्रोजनला एवढ्या टाळ्या कुठं पडतात?"

"कुठंच नाही पडत, सर," मी म्हणते.